जावेच्या हातातला हिरवा चुडा

कासारानं मोठ्या जावेचा हात हातात घेतला, तवा माझा नुसता जळफळाट झाला.

आमा दोघी जावांना दुखणं एकच. बोटांचे सांधे सुजायचे, सकाळी मूठ वळायची न्हाई, भाकरी थापताना डोळ्याला पाणी. चिंचवडच्या दवाखान्यात जोडीनं जायचो. पण जाऊबाईंना दिवस गेले आन सूज उतरली की! डोहाळजेवणाला हिरवा चुडा सर्रकन चढला. माझी बांगडी मात्र सांध्याशी अडली. कासार म्हणला, "वहिनी, हात ढिला सोडा." ढिला काय सोडू, कपाळ? शेवटी मोठ्या मापाच्या भरल्या. त्या कोपरापातुर घसरायच्या, बैलाच्या घुंगरावानी.

डॉक्टरांना विचारलं, माझीच का उतरत न्हाई? ते म्हणले, "बाईच्या अंगातले रस निराळे, पुरुषाचे निराळे. ही सूज बायकांनाच जास्त. पोटात मूल असताना रस बदलतात, तेव्हा उतरते. बाळंतपणानंतर बहुतेक परत येईल."

आमचे मालक पिंपरीत कारखान्याच्या बांधकामावर. हे ऐकून मिशीला पीळ देत म्हणले, "आपलं बरंय बाबा!" मंग त्यांचाबी हेवा. घरात मीच तेवढी सुजकी!

जाऊबाई बाळंत झाल्या. सव्वा महिना सरला आन एका सकाळी त्यांच्या हातनं बाळाचं लंगोट पिळंना. बोटं टम्म. चुडा निघंना.

सासूबाई नजर उतरायला मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन आल्या आन माझ्याकडं बघून म्हणल्या, "घरातल्याच कुणाची तरी नजर लागली. डोहाळजेवणाला डोळे कुणाचे मोठे झालते, मला ठावं हाय."

आता? जळले व्हते हे खरं. पण सूज काय माझ्या डोळ्यातनं गेली? मी नाकाच्या शेंड्यावर बोट ठेवून नसलेला चष्मा सारला, पाळण्याची दोरी नळीवानी कानाला लावली आन डॉक्टरांच्या गेंगाण्या आवाजात सुरू झाले, "आजीबाई, बाईच्या अंगातले रस निराळे..." पार "परत येईल" पातुर.

जाऊबाई हसून हसून बेजार. "आत्याबाई, आस्संच म्हणले व्हते वो डॉक्टर! मी तितंच व्हते."

सासूबाईंनी पदरात तोंड लपवलं, पण मीठ-मोहऱ्यांची मूठ काय खाली ठेवली न्हाई. "रस निराळे तर निराळे. तूबी बस हिच्या शेजारी. तुला तरी कुणाची लागलीया, कोण जाणे."

दोघींवरनं उतरून मूठ चुलीत टाकली. मोहऱ्या तडतडल्या. जाऊबाई कानाशी पुटपुटल्या, "आता तरी पडलं का गं पोटात गार?"

"कशाचं गार? तुमचा चुडा बघा कसा मनगटाला बसलाय. माझ्या बांगड्या अजून कोपरापातुर घसरत्यात!"