डिस्कची कड

नांदुऱ्यात माझं गॅरेज आहे. कित्येक वर्षं, ज्यांच्याकडे मी काम शिकलो त्या उस्तादांनी हात लावून निदान करायचं आणि मी मान डोलवायची, असंच चाललं होतं. मग मी जाडी मोजायचा डिजिटल व्हर्नियर आणला आणि मला शिंगं फुटली.

त्या सकाळी गल्लीतले रिटायर मास्तर कारचे ब्रेक दाखवायला आले. बुलडाण्याला मुलीकडे निघाले होते, म्हणजे वाटेत राजूरचा घाट. पुढच्या चाकाच्या ब्रेक डिस्कवर किमान जाडी कोरलेली होती, वीस मिलिमीटर. माझ्या मापात साडेएकवीस आली. मास्तरांना आकडा दाखवून म्हटलं, "बिनधास्त जा." ते गेले.

उस्ताद नंतर आले. कसं मोजलं ते मी त्यांना कौतुकानं एका जुन्या डिस्कवर करून दाखवलं.

"कडेवर काऊन मोजतं बे? पॅड कडेले घासते का?"

डिस्क झिजते ती ब्रेक दाबल्यावर पॅड लागतो तिथं. बाहेरची कड तशीच उंच राहते. मी कडेची जाडी मोजून माणूस घाटात पाठवला होता. उस्तादांनी कडेच्या आत दोन्ही बाजूंना एकेक वॉशर धरलं, वरून व्हर्नियर लावला आणि वॉशरांची जाडी वजा केली. माझ्या मापात पास झालेली ती जुनी डिस्क भंगार निघाली.

"मास्तरच्या डिस्कले अशी कड होती काय?"

"हाव. नखाले लागत होती."

मास्तरांना फोन लावला. ते गाडी चालवताना फोन उचलत नाहीत, शिस्तीचा माणूस. आठ वेळा लावला. घाट चढताना ब्रेक फारसे लागत नाहीत, असं मी मोठ्यानं म्हणत होतो.

तासाभरानं मास्तरांचाच फोन आला.

"पोचलो. काऊन लावून राह्यला होता इतके फोन?"

"मास्तर, गाडी हलवू नका. माह्यं माप चुकलं."

"मांगच्या सीटवर नातू झोपला होता रे," ते म्हणाले.

नव्या डिस्क आणि पॅड पिशवीत घालून मी एसटीनं बुलडाणा गाठलं. वॉशर धरून मोजलं तर जुनी डिस्क एकोणीसच्याही खाली. बदलून होईपर्यंत मास्तर शेजारी उभे होते. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"आता मोज," ते म्हणाले.

नवी डिस्क कुणी मोजत नाही. मी मोजली. पडद्यावरचा आकडा ठरेना, मी व्हर्नियर पुन्हा पुन्हा लावला. मास्तरांनी चष्मा लावला आणि तो ठरेपर्यंत वाट पाहिली.