बी म्हणाला की डी

माझा थोरला भाऊ मुफर्रिह गाडीला दुसऱ्याचा हात लावू देत नाही, स्वतःलाच मोठा मिस्तरी समजतो. आणि त्याची बायको, आमची फिद्दावहिनी, जन्माची भित्री. पाल दिसली तरी घर डोक्यावर घेईल. पण बाई हट्टी. पन्नाशीत गाडी शिकायला बसली, कापत कापत का होईना.

त्या दिवशी फैफा डोंगराच्या चढावर गाडीनं मान टाकली. इंजिन नुसतं बोंबलतंय, गाडी पुढे जाईना. गिअरचं ऑइल कमी झालंय, म्हणाला दादा. सपाट जागा मिळाली ती कॉफीच्या मळ्याशी. समोर गुडघाभर दगडी बांध, पलीकडे दरी.

हे ऑइल इंजिन चालू ठेवूनच बघतात. दादानं बॉनेट उघडून ऑइल मोजायची पट्टी बघितली, नरसाळ्यानं लाल ऑइल ओतलं. मग ब्रेक दाबून गिअरचा दांडा सगळ्या गिअरांतून फिरवायचा आणि परत 'पी'वर, म्हणजे गाडी जखडून, पुन्हा पट्टी बघायची. एरवी हे तोच करतो. पण हात बरबटलेले, म्हणून वहिनीला स्टिअरिंगशी बसवलं आणि स्वतः राहिला गाडी नि बांधाच्या मधे. अकलेचा कांदा!

आमच्या अरबी जिभेला 'प' कुठला यायला? बॉनेटआडून तो ओरडला, "बीवर टाक आणि पाय काढ."

इंजिनाच्या घरघरीत वहिनीनं ऐकलं 'डी', म्हणजे गाडी पुढे न्यायचा गिअर. तिनं दांडा डीवर ओढला आणि पाय काढला.

गाडी पुढे सरकली. उघड्या बॉनेटमुळे समोरचं काही दिसेना. मागच्या सीटवरून मी किंचाळले, "ब्रेक, वहिनी, ब्रेक!" तिनं दोन्ही पाय दाबले. दगड घसरल्याचा आवाज आला आणि मग काहीच नाही. मी दादाला हाक मारली.

बऱ्याच वेळानं तो बांधापलीकडून बाजूनं खुरडत आला. गुडघे फुटलेले, तोंड पांढरंफटक. त्यानं दांडा 'पी'वर ढकलला, किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. वहिनीचे पाय मात्र ब्रेकवरून निघेनात. तो दाराशी खाली बसला, तिचा घोटा धरला.

"फिद्दा, झालं आता. मी इथंच आहे. पाय काढ."

ती समोर बॉनेटकडेच बघत होती.

"काढते," ती म्हणाली. "आधी तुम्ही गाडीसमोरून बाजूला व्हा."