बिनबटणांचा झगा

आमच्या सावोत, या उत्तरेकडच्या तळ्यांच्या मुलखात, कपडा टाकून देत नाहीत. सदरा आधी सणाचा असतो, मग रोजचा होतो, मग गोठ्यातला होतो, आणि कोपरं पार फाटली की एखाद्या संध्याकाळी कुणीतरी कात्री घेऊन बसतं आणि त्याची बटणं काढून डब्यात टाकतं. बटणं निघाली की निकाल लागला. त्यानंतर तो सदरा नाही, चिंधी. चिंध्यांच्या पट्ट्या कापायच्या, पट्ट्यांचे गोळे करायचे आणि गोळ्यांची मागावर सतरंजी विणायची. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, त्यामुळे बिनबटणांच्या कपड्याबद्दल कुणी कुणाला विचारत बसत नाही.

तायमी अठ्ठावन्नाव्या वर्षी लग्न करून ओस्मोच्या घरी आली ती माग घेऊनच. आईचा माग, सुटा करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत रचलेला, वर ताडपत्री. बाकी सामान म्हणजे दोन पेट्या आणि एक मोठं पातेलं. ईसाल्मी गावच्या शाळेच्या स्वयंपाकघरात तिनं एकतीस वर्षं दर गुरुवारी दोनशे मुलांचं वाटाण्याचं सूप ढवळलं होतं, त्यामुळे दोन माणसांचा स्वयंपाक तिला कधी जमला नाही. पहिल्या आठवड्यात ओस्मोनं सलग चार दिवस तेच सूप खाल्लं आणि पाचव्या दिवशी विचारलं, "बाकीची मुलं कधी येणारेत जेवायला?"

लग्न तिचं राहून गेलं होतं. कुणी विचारलंच तर ती सांगे, "मला कुणी मागणी घातली नाही, आणि मी कुणाच्या मागं लागले नाही." पण मागच्या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या नाचाच्या मंडपात बायकांनी जोडीदार निवडायची पाळी आली, तेव्हा ती सरळ चालत गेली आणि भिंतीशी बसलेल्या ओस्मोपुढं उभी राहिली. आमच्याकडे एका जोडीनं दोन गाणी नाचायची आणि पुरुषानं बाईला तिच्या जागेवर पोचवायचं, अशी रीत आहे. ही दोघं सहा गाणी हलली नाहीत. शेजारच्या पिर्कोनं ती मोजली होती, आणि दुसऱ्या दिवशी गावालाही कळली.

ओस्मोचं वय त्रेसष्ट. जन्मभर त्यानं सरकारी रस्त्यावरचा बर्फ ढकलायची गाडी चालवली. पहिली बायको इर्या जाऊन नऊ वर्षं झाली होती. तिचा फोटो पुस्तकांच्या फळीवर होता, तिथंच राहिला. तायमी त्याची काच पुसायची, बाकी त्या विषयावर घरात कधी बोलणं झालं नाही.

फेब्रुवारीत कचेरीत सह्या झाल्या, नंतर कॉफी आणि वेलदोड्याचे पाव. एवढ्यात उरकलं. तायमीनं एक गोष्ट मात्र राखून ठेवली होती. ईसाल्मीची भाड्याची खोली तिनं सोडली नव्हती. युहान्नुसच्या सणापर्यंत, म्हणजे जूनच्या अखेरीपर्यंत, तिला घरमालकाला एक पत्र टाकायचं होतं: खोली सोडते म्हणून, नाहीतर ठेवते म्हणून. तिनं ते ओस्मोला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं. उतारवयात गोष्टी लपवायला वेळ कुठं असतो!

"राहू दे की," ओस्मो म्हणाला. "असली तरी चालतंय, नसली तरी अडत नाही. खोलीचं काय, खोली आपली तिथंच असते."

आता यातून काय समजायचं? सावोचा माणूस तोंड उघडतो, पण अर्थ लावायची जबाबदारी ऐकणाऱ्यावर टाकतो. तायमीही सावोचीच होती, तिनं अर्थ लावला नाही. पत्राचा कागद तेवढा पेटीत ठेवला.

नव्याचे नऊ दिवस म्हणतात, यांचे नऊ आठवडे गेले. सकाळी पाचला कॉफी. मग गोठलेल्या तळ्यावर जायचं, बर्फातल्या भोकातून जाळं ओढायचं. तो ओढायचा, ती मासे सोडवायची, कारण त्याची बोटं गारठ्यानं आखडायची. दुपारी लाकडं. ती रचायची आणि तो तिनं रचलेली थप्पी पुन्हा रचायचा. "साल वर पाहिजे," तो म्हणायचा. "आमच्याकडं खाली असते," ती म्हणायची. शेवटी एक थप्पी साल वर आणि एक थप्पी साल खाली अशी तडजोड झाली, आणि कुठली लवकर वाळते यावर पैज लागली. शनिवारी सौना, म्हणजे लाकडी खोलीतलं वाफेचं स्नान, दोघं एकदमच. दगडांवर पाणी तो टाकायचा, पुरे कधी ते ती सांगायची. तायमीला वाटलं, एवढं सोपं होतं तर आपण तीस वर्षं कशाला थांबलो.

माग खिडकीशी उभा राहिला आणि दोघांनी ठरवलं, दोन्ही घरच्या चिंध्यांची एकच सतरंजी विणायची, दारापासून चुलीपर्यंत. त्याचे चौकड्याचे सदरे, तिचे शाळेतले पट्ट्यापट्ट्यांचे एप्रन. तो पट्ट्या फाडायचा आणि गोळे करायचा, ती विणायची. मागाची फणी आपटली की फळीवरची भांडी हलायची. तो मध्येच येऊन मत द्यायचा.

"लाल फार झालं."

"तुझे सदरेच लाल. मी काय करू?"

"मग मधे काहीतरी थंड टाक. निळं वगैरे."

एप्रिलमध्ये ओस्मो बोटीचं इंजिन दुरुस्त करून आणायला गेला, तेव्हा तायमी निळं शोधायला माळ्यावर चढली. धुराड्यामागं कागदी पोतं होतं. त्यात जुने पडदे, एक उशीचा अभ्रा, आणि तळाशी निळा झगा. सुती, पुढून उघडणारा, काजं ओळीनं रिकामी. एकही बटण नाही. तिनं तो झटकला, खाली आणला, आणि दीड बोट रुंदीच्या पट्ट्या कापल्या. पट्ट्या इतक्या सरळ निघाल्या की तिला समाधान वाटलं. जेवणाच्या वेळेपर्यंत सतरंजीच्या बरोबर मधोमध वीतभर निळा पट्टा विणून झाला होता.

ओस्मो आला. टोपी हातात धरून मागापुढं उभा राहिला.

"निळं मिळालं," तायमी म्हणाली.

"मिळालं वाटतं," तो म्हणाला, जेवला, आणि लाकडं फोडायला गेला. संध्याकाळपर्यंत फोडत होता. दोन वर्षं पुरतील इतकी लाकडं आधीच फोडलेली होती.

त्या शनिवारी त्यानं सौना तापवली आणि म्हणाला, "आधी तू जा. मी मागनं जाईन." तायमी वरच्या फळीवर एकटी बसली. पाणी स्वतःच टाकलं, पुरे म्हणायचं तर ऐकायला कुणी नव्हतं. तिला काहीही कळलं नाही.

कळलं ते सोमवारी, पिर्को कॉफीला आली तेव्हा. ती मागाजवळ गेली आणि कप हातात तसाच धरून थांबली.

"अगं बाई! हा तर इर्याचा झगा."

"बटणं नव्हती त्याला," तायमी म्हणाली.

"बटणं नव्हती?"

"एकही नाही. तूच सांग, तू काय केलं असतंस?"

"कापला असता," पिर्को म्हणाली, कारण ती खोटं बोलत नाही. "पण दर युहान्नुसला हाच घालायची गं ती. शेवटच्या वर्षीसुद्धा. अंगावर नुसता लोंबत होता, तरी घातलान्."

"उसवते. आत्ताच्या आत्ता उसवते."

"उसवून काय करशील? कापलेलं परत जुळतं होय?"

ओस्मो तळ्यावरून आला तेव्हा तायमी तोंड झाकून रडत वगैरे नव्हती, तिचा तो स्वभावच नव्हे. ती उभी होती.

"मला माहीत नव्हतं, ओस्मो. चूक झाली माझी. पण तू त्याच दिवशी बोलायचं नाहीस का?"

"आणि तू विचारायचं नाहीस का?"

दोघांचंही बरोबर होतं, त्यामुळे तो लाकडांकडं गेला आणि ती मागाकडं.

अर्धी सतरंजी मागावर सोडत नाहीत. तायमीनं ती पुरी केली, गाठी मारल्या आणि मे महिन्यात दारापासून चुलीपर्यंत अंथरली. सुंदर झाली होती. ओस्मो कॉफीला चुलीकडं निघाला, निळ्यापाशी आला आणि लांब ढांग टाकून पलीकडं गेला. तायमीनं पाहिलं. दुसऱ्या दिवशीही ढांग. तिसऱ्या दिवशी तिनंही ढांग टाकली. मग तेच चालू झालं. बर्फ वितळला, रस्त्याला चिखल झाला, दोघांच्या पायांनी सतरंजी तपकिरी होत गेली, आणि मधला वीतभर निळा पट्टा लख्ख राहिला.

भांडण नव्हतं. भांडण परवडतं, त्याला शेवट असतो. इथं नुसता शिष्टाचार होता. "मीठ देतेस का?" "हे घे." "बरं झालंय सूप." ज्या माणसानं पाचव्याच दिवशी तिच्या सुपाची टिंगल केली तो आता बरं झालंय म्हणत होता, आणि हे तिला सगळ्यात जास्त लागलं. रात्री ती छताकडं बघत पडायची. या घरात आपण पाहुण्या आहोत, आणि पाहुण्यानं घरातली मौल्यवान वस्तू फोडली आहे, असं तिला वाटे. जूनच्या पहिल्या आठवड्यात तिनं पेटीतला कागद काढला आणि त्यावर लिहिलं, खोली ठेवते. पाकीट चिकटवलं. टाकलं मात्र नाही. युहान्नुसआधी घरातल्या सतरंज्या तळ्यावर धुवायच्या असतात, आणि मळक्या सतरंज्या मागं ठेवून घर सोडणारी बाई ती नव्हती.

ऊन चांगलं होतं. धक्क्यावर दोघं गुडघ्यांवर बसली, मधे पाइनच्या साबणाची बादली, हातांत ब्रश. आधी स्वयंपाकघरातली, मग झोपायच्या खोलीतल्या दोन. शेवटी नवी लांब. तायमी दाराकडच्या टोकानं घासत आली, तो चुलीकडच्या. चिखलाचं पाणी फळ्यांमधून खाली गळत होतं. हे झालं की सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. पण अर्ध्यातच तोंडातून निघून गेलं.

"मी ईसाल्मीला जाईन म्हणते. सणाच्या आधी. खोली आहेच."

ओस्मो घासत राहिला. घासत घासत दोघंही निळ्यापाशी पोचली, एक अलीकडून, एक पलीकडून. तायमीनं ब्रश उचलला. निळ्यावर धुवायला काही नव्हतंच. ओस्मोनं ब्रश साबणात बुडवला आणि स्वच्छ निळा पट्टा घासायला लागला. या काठापासून त्या काठापर्यंत, मग परत.

"बटणं तिनंच काढली होती," तो म्हणाला.

तायमीनं आपला ब्रश फळ्यांवर ठेवला.

"शेवटच्या हिवाळ्यात. गादीवर बसून. एकेक काढलं आणि मला म्हणाली, ओस्मो, कात्री दे मोठी, याचा पट्टा छान दिसेल, तुझ्या पायाखाली राहील. मी म्हटलं, वेडी आहेस का, घालशील की उन्हाळ्यात. झगा काढून घेतला हातातनं आणि माळ्यावर नेऊन टाकला." त्यानं ब्रश बादलीत आपटला. "मला वाटलं, कापू दिला तर ती जायला मोकळी होईल. तरी गेलीच. आणि एवढंसं मागितलं होतं तिनं, तेही दिलं नाही मी. कात्री मागितली होती फक्त."

तळ्याच्या पलीकडं कुणाच्या तरी बोटीचं इंजिन धरेना, बंद पडत होतं. त्यानं ब्रश पुन्हा हातात घेतला.

"तुझ्यावर नव्हतो गं चिडलो. तू अर्ध्या दिवसात केलंस ते. तिला हवं होतं अगदी तसंच, मधोमध."

तायमीचे डोळे भरून आले. "हे दीड महिन्यापूर्वी सांगितलं असतंस तर?"

"सांगणारच होतो. निघत नव्हतं तोंडातनं." त्यानं बाहीला नाक पुसलं. "तुझ्या त्या खोलीत सतरंज्या किती आहेत?"

"दोन. का?"

"धुवायला झाल्या असतील."

"झाल्यात."

"आण इकडं मग. इथं वाळत घालायचा दांडा मोठा आहे. आणि ही ओली चार मणांची झालीय, दुसरं टोक काय पिर्को धरायला येणारे?"

सावोच्या माणसाकडून याहून सरळ मागणी निघत नाही, आणि या वेळी तायमीनं अर्थ लावला. ती उठली, गुडघे धरून थांबली, मग आपलं टोक उचललं. दोघांनी सतरंजी पिळली, धापा टाकत वर नेली आणि दांड्यावर टाकली. पाणी दोघांच्याही बुटांत गेलं. संध्याकाळी तिनं चिकटवलेलं पाकीट चुलीत घातलं, नव्या कागदावर लिहिलं, खोली सोडते, आणि पत्र सायकलवरून नेऊन टाकून आली.

सतरंजी तीन दिवसांनी वाळली. पैजेतली साल वरची थप्पी मात्र जिंकली, आणि ओस्मोनं त्याचा महिनाभर वीट आणला. येता-जाता दोघांनी सतरंजी तुडवली, आणि उन्हाळ्याच्या शेवटी रानफळं पिकायच्या सुमाराला निळा पट्टा बाकीच्या सतरंजीइतकाच मळला.