गाडीचा आवाज

प्रदर्शनात उंच चौथऱ्यावर विजेवर धावणारी शर्यतीची गाडी ठेवली होती. दिवसरात्र चालणाऱ्या लांब शर्यतींसाठीचा नवा प्रयोग, असं पाटीवर होतं. हिचाच फोटो दाखवून, माझा माल घेणाऱ्या मोटार कंपनीचा साहेब मला म्हणाला होता, "शेठ, आता तुमचे इंजिनाचे ब्लॉक कोण घेणार?" मी टेबलावर हात आपटून भांडलो. तो नुसता हसला. तेव्हापासून माझ्या फौंड्रीची भट्टी थंड आहे.

ओतीव माल साच्यातून निघाला की आम्ही तो ठोकून ऐकतो. निर्दोष असेल तर घंटेसारखा वाजतो. त्याच सवयीने मी गाडीवर किल्ली वाजवली. रिकाम्या खोक्यासारखा आवाज आला.

"अहो काका, हात नका लावू!" तिथली मुलगी धावत आली.

"आत काय आहे?"

"अजून काहीच नाही. हा फक्त आकार आहे. मोटार, बॅटरी सगळं पुढे ठरेल."

लोक वाकून वाकून फोटो काढत होते. आयुष्यभर मी घासाघीस केली, भल्याभल्यांना नमवलं. पण समोर माल तरी असायचा. जे अजून झालंच नाही, त्याच्याशी भांडायचं कसं?

मी किल्ली खिशात टाकली. फौंड्रीच्या कुलुपाची होती ती.