ओल्या वाढ्याची गाठ
इथं तामिळनाडूत रसाच्या गाड्यापाशी उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, म्हणजे आमच्या वाढ्याचा वास आला, की मला गावाकडचा, युसूफ वडगावचा सहावीचा वर्ग आठवतो. आई-दादांसोबत ऊसतोडीहून परतले तेव्हा सहा महिने शाळा बुडालेली, आणि हेडसरांनी बजावलेलं, "आज काही आलं नाही तर पाचवीत बसायचं." वर पत्रे तापलेले. इंग्रजीच्या बाईंनी फळ्यावर दोन शब्द लिहिले, इलास्टिक आणि प्लायेबल. "ओढून सोडलं की जागेवर येतं ते इलास्टिक, जसं रबर. न मोडता वळतं आणि वळलेलंच राहतं, ते प्लायेबल. त्याचं उदाहरण कोण देतंय?" मी भीत भीत म्हणाले, "ओलं वाढं, बाई." मॉनिटर खिदळला, "ऐका बे, बैलाचा चारा सांगती ही!" बाई मात्र म्हणाल्या, "दाखव." मी पळत जाऊन शेजारच्या गोठ्यातून वाढं आणलं, फडात मोळी बांधताना देतो तसा पीळ दिला आणि मॉनिटरचं दप्तर बाकाच्या पायाला आवळून टाकलं. "सोड आता!" मी म्हणाले. त्यानं नखं लावली, दात लावले, लालबुंद झाला, पण गाठ काही हलली न्हाई. दारातून बघणारे हेडसर पोट धरून हसले, "बस गं पोरी, सहावीतच बस!" पुढं सातवीत शाळा सुटली ती सुटलीच, आणि आजही या परक्या मुलखात कामावर नवं मशीन हाती दिलं की आधी दुसरीचे हात बघून घेते, पण सहावी मी सहावीतच बसून पास झाले, हे त्या बाईंच्या कृपेनं कुणालाही ठणकावून सांगते.