चामोर्शीच्या मॅडमचे कॉम्प्युटर

कॉलेजने जुने कॉम्प्युटर भंगारात काढले तेव्हा त्यातले पाच मी विकत घेऊन घरी आणले. चामोर्शीच्या कनिष्ठ महाविद्यालयात मी प्रयोगशाळा सहायक होते आणि तिथले प्रयोग जवळपास बंदच पडले होते. मुलं एकमेकांच्या वह्या बघून प्रॅक्टिकल उतरवायची, मी काचेची भांडी पुसून परत कपाटात ठेवायची. निदान हे पाच कॉम्प्युटर तरी काहीतरी करतील, असं वाटलं.

शास्त्रज्ञांचा एखादा फार मोठा हिशोब असतो. त्याचे बारीक तुकडे करून ते इंटरनेटवरून जगभरच्या लोकांच्या रिकाम्या कॉम्प्युटरांकडे पाठवतात. आपल्या कॉम्प्युटरने आपला तुकडा सोडवायचा आणि उत्तर परत धाडायचं. माझ्याकडे दूरच्या ताऱ्यांकडून आलेल्या रेडिओ लहरींचे तुकडे येत. त्यासाठी कॉम्प्युटर दिवसचे दिवस चालू ठेवावे लागत, आणि एसएमपीएस जळत. एसएमपीएस म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला, त्याला वीज पुरवणारा पत्र्याचा डबा. नवा चांगला घ्यायचा तर तो आख्ख्या जुन्या कॉम्प्युटरपेक्षा महाग. स्वस्तातल्यांवर साडेचारशे वॅट छापलेलं असे, पण उचलून बघावं तर हलका फूल. आठवड्याभरात जळका वास यायचा.

शोधता शोधता चंद्रपूरच्या एका गल्लीत एक भाऊ सापडले. पूर्वी टीव्ही दुरुस्त करायचे. ऑफिसांनी टाकून दिलेले एसएमपीएस आणून ते आतली कोळशाची काळी धूळ ब्रशने झाडत, फुगलेले कंडेन्सर काढून नवे लावत, आणि बल्बच्या लोडवर तासभर चालवून बघितल्याशिवाय डबा हातात देत नसत. दोन-तीन महिन्यांतून एकदा मी जळालेला डबा पिशवीत घालून मूल गावावरून बसने त्यांच्याकडे जायची. तासभर समोरच्या स्टुलावर बसून राहायची. ते फार बोलत नसत. गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा असायचा.

एकदा गेले तर खर्रा नव्हता. तोंड बोटभरच उघडत होतं आणि आतल्या चट्ट्याचा तुकडा नागपूरला तपासायला गेला होता. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमच्या मशीनी दिवसभर काय करून राह्यल्या?"

मी सांगायला लागले. तुकड्यांचं सांगितलं, ताऱ्यांचं सांगितलं. मग त्यांचं लक्ष नाही असं वाटून मीच म्हणाले, की असेच कॉम्प्युटर कोणी औषधं शोधायला लावतात, कोणी कॅन्सरच्या अभ्यासाला.

त्यांनी सोल्डरिंगचं आयर्न खाली ठेवलं. "म्हंजे माह्या बिमारीचं बी पाह्यतेत?"

"पाहतात," मी म्हणाले.

कुठेतरी, कोणाचे तरी कॉम्प्युटर पाहत होते. पण त्यांनी 'तुमचे कॉम्प्युटर' या अर्थी विचारलं होतं, आणि ते मला कळलं होतं. त्या दिवशी त्यांनी पैसे घेतले नाहीत. मी पुढे केलेला हात त्यांनी बाजूला सारला.

घरी येऊन मी तसल्या अभ्यासाच्या एका प्रकल्पात नाव नोंदवलं. आता खरं करून टाकू, असं मनात होतं. चार कॉम्प्युटर इतके जुने होते की त्यांना तिकडून कामच मिळेना. पाचव्याला मिळालं, पण तो दिलेल्या मुदतीत तुकडा सोडवू शकला नाही. मुदत संपली तसा तो तुकडा रद्द झाला. दुसऱ्यांदाही तेच झालं. मग मी पाचही कॉम्प्युटर परत ताऱ्यांना लावले, आणि पुढच्या दोन खेपांना भाऊंनी दिलेले डबे फुकट घेऊन आले.

नागपूरला त्यांचा अर्धा जबडा काढला. परत आल्यावर मी भेटायला गेले तेव्हा ते दुकानातच बसले होते, गळ्याभोवती पंचा गुंडाळून. बोलता येत नव्हतं. वहिनी शेजारी होत्या. त्यांनीच सांगितलं, "वॉर्डात सगळ्यायले सांगत होते. इशारे करून, लिहून. चामोर्शीच्या मॅडमच्या घरी आपल्या बिमारीचा हिसाब सुरू हाय म्हणून. लोकंबी विचारत, कवा पुरा होते म्हणून."

वहिनी चहा आणायला गेल्या आणि मी भाऊंना सगळं सांगितलं. ताऱ्यांचं, रद्द झालेल्या तुकड्यांचं.  त्यांनी जुन्या बिलाच्या पाठीवर लिहून कागद माझ्यापुढे सरकवला: आधी काऊन नाई सांगितलं?



त्यांनी माझ्या पिशवीतला डबा ओढून घेतला, उघडला. नेहमीसारखी धूळ झाडली, दोन कंडेन्सर बदलले, बल्बवर लावला. तो तास मी स्टुलावर काढला. वहिनींनी आणलेला चहा प्यायले. डबा माझ्या हातात देताना त्यांनी कागदावर किंमत लिहिली. बाजारात दुसरा कोणी घेईल तेवढीच. मी पैसे दिले, त्यांनी मोजून गल्ल्यात टाकले.

त्यानंतर त्यांची माझी भेट नाही. महिन्याभराने वहिनींचा फोन आला, तेव्हा अंत्यविधी होऊन गेला होता. पुण्यानुमोदनाला गेले. मागच्या रांगेत बसले, बुद्धवंदनेला हात जोडले. वॉर्डात त्यांच्या शेजारच्या खाटेवर असलेला माणूस आला होता, तोंडावर रुमाल धरून. कोणीतरी त्याला माझ्याकडे बोट करून दाखवलं. तो उठून यायला लागला तशी मी चपला शोधायच्या निमित्ताने बाहेर पडले आणि मूलची बस पकडली.

वहिनींनी दुकान रिकामं करायच्या आधी विचारलं होतं, डबे पाहिजेत का. सतरा-अठरा होते, बरेचसे उघडलेले. मी नको म्हणाले. ते भंगारवाल्याने नेले. माझ्याकडचे तीन कॉम्प्युटर आता बंद आहेत, दोन चालतात. त्यांचे एसएमपीएस गेले तर नागपूरहून मागवावे लागतील. ते कसे निघतील, सांगता येत नाही.