तय्यब मुकादमची बावीस गेटं

"इथं नको."

"का नको?"

"डोळे आहेत ना तुला? गेटाबाहेर बघ. फूटपाथभर बॅचलर बसलेत."

"बसू देत की. आपल्याला आत जायचंय, फूटपाथवर नाही."

"आणि गाडी? गाडी कुठं लावू? अख्ख्या पार्किंगमध्ये एक झाड नाही."

"गाडीला घसरगुंडीवर बसायचं नाहीये, रेहानचे अब्बा. उजमाला बसायचंय."

"सफिया, मधे मधे बोलू नकोस. मी विचार करतोय."

"करा. गेल्या शुक्रवारीही तुम्ही विचारच करत होता. मगरीबची बांग झाली, विचार तिथंच राहिला आणि आपण घरी आलो."

सन दोन हजार तीन, मार्चचा शेवटचा शुक्रवार, दुपारचे सव्वाचार. मस्कतजवळ सीबच्या बाजूच्या एका सरकारी बागेसमोर चौऱ्याण्णवची पांढरी करोला इंजिन चालू ठेवून उभी होती, कारण इंजिन बंद केलं की एसी बंद, आणि एसी बंद केला की तय्यब मुकादमचं डोकं बंद. मागच्या सीटवर सात वर्षांचा रेहान आणि चार वर्षांची उजमा मोजे घालून बसली होती. बूट डिकीत, पिशवीला गाठ मारून. गाडीत वाळू येता कामा नये, हा त्या गाडीचा पहिला कायदा. दुसरा कायदा, गाडीत काही खायचं नाही. सीटांवरचं शोरूमचं प्लास्टिक मूळ मालकाने काढलं नव्हतं आणि तय्यबनेही काढलं नव्हतं. उन्हाळ्यात मुलं त्यावरून उठली की मांड्या सोलून निघाल्यासारखा आवाज यायचा.

ही तय्यबची बाविसावी बाग.

माबेलाच्या आमच्या बिल्डिंगीत कुणालाही विचारा, मस्कतमधल्या बागांबद्दल तय्यबभाईइतकी माहिती कुणालाच नव्हती. कुठं किती झोके, कुठं नळाला पाणी येतं, कुठं संडासाला कडी आहे, सगळं गेटावर विचारून विचारून तोंडपाठ. रूवीला स्पेअर पार्टच्या दुकानात काउंटरवर उभा राहणारा माणूस. गिऱ्हाईक ब्रेक पॅड मागायला आलं तरी त्याला बागेचा पत्ता देऊन पाठवायचा. फक्त एक गोष्ट त्याने कधी सांगितली नाही. बागेच्या आत काय असतं, ते. ती माहिती त्याच्याकडे नव्हती.

कारण तय्यबला हवी होती 'फॅमिली प्लेस'. अल खौदला युनिव्हर्सिटीजवळ एक छोटीशी छान बाग होती. "तिथं प्रोफेसरांच्या बायका बसतात, इंग्लिशमध्ये गप्पा मारतात. आपण तिथं बसलो तर ड्रायव्हरची माणसं वाटू." समुद्राकाठची? "वाळू." समुद्राकाठी वाळू असते, याचा त्याला दर वेळी नव्याने धक्का बसायचा. एकदा कुणीतरी सांगितलं, इब्राला चांगली बाग झालीय. दोन तास गाडी हाकत हा माणूस शुक्रवारी दुपारी जुम्म्याच्या वेळेला इब्रात पोचला. सूकचा बाजार बंद, रस्ते ओस, बागेला कुलूप. कुलपासमोर उभं राहून चौघांनी बरोबर आणलेला शोरमा खाल्ला, गाडीच्या बाहेर, अर्थातच. परतीच्या वाटेवर उजमाने पिशवीत ओकारी केली. तय्यब दोन दिवस सांगत होता, "बाग मात्र बघण्यासारखी आहे."

रेहानला शाळेत इंग्रजीतून निबंध आला होता, 'आम्ही बागेत गेलो'. बाईंनी खाली लाल पेनने विचारलं, तू बागेत काय काय पाहिलंस? रेहानने प्रामाणिकपणे लिहिलं होतं, "गेट."

हे सगळं हसून सोडून दिलं असतं. पण फेब्रुवारीत उजमाला दवाखान्यात नेलं. ती जिना चढताना मधेच बसायची, "पाय दुखतात" म्हणायची. डॉक्टर किशोरी पुण्याच्या, स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी रिपोर्ट पाहिला, उजमाला चालवून पाहिलं आणि चष्मा काढला.

"मुलगी उन्हात कधी जाते?"

"उन्हात?" तय्यब म्हणाला. "डॉक्टर, हा ओमान आहे."

"तेच म्हणतेय. वर्षाचे बारा महिने ऊन पडणाऱ्या देशात तुमच्या मुलीला ऊन कमी पडलंय. घरात एसी, गाडीत एसी, केजीत एसी. फ्रिजमधल्या कोथिंबिरीसारखी वाढवलीय तिला. हाडं मऊ पडायला लागलीत. औषध देतेय, पण नुसत्या औषधाने भागणार नाही. रोज नाही तर आठवड्यातून दोन-तीनदा तरी चारनंतर तासभर बाहेर सोडा. पळू दे, चढू दे, पडू दे. एप्रिलपर्यंत तुमच्याकडे वेळ आहे. मग इथली हवा तुम्हाला ठाऊक आहे."

तेव्हापासून सफिया दिवस मोजत होती. बिल्डिंगीच्या आजूबाजूला नुसती खडी आणि बांधकामाच्या सळया. मुलीला सोडायचं कुठं? तय्यब सकाळी सातला निघायचा, एक ते चारची सुट्टी दुकानाच्या वरच्या खोलीत झोपून काढायचा आणि रात्री नऊला घरी. तिला गाडी येत नव्हती. म्हणजे हातात फक्त शुक्रवार. मार्चचे चार. त्यातले तीन गेटावर गेले.

आता बॅचलरांचं सांगते. आखातात बॅचलर म्हणजे लग्न न झालेला नव्हे. ज्याची बायको या देशात नाही, तो बॅचलर. मग गावाकडे त्याला नातवंडं का असेनात. शुक्रवारी बऱ्याच बागा फक्त कुटुंबांसाठी. गेटावर पाटी असते, पाटीखाली राखणदार. बॅचलरांनी कुंपणाबाहेर बसायचं आणि आतल्या पोरांचा आवाज ऐकायचा.

तय्यबला बॅचलरांची फार चीड. "घूरत बसतात." "यांच्यामुळे फॅमिली माणसाची पंचाईत." आणि हे बोलताना त्याच्या तोंडावर असा काही खानदानी भाव यायचा, की याचा जन्मच फॅमिली व्हिसावर झाला असावा.

खरं तर हा माणूस नव्वद सालापासून नऊ-दहा वर्षं बॅचलरच होता. एका खोलीत सहा जण. सफियाला हे माहीत होतंच, पण बाकीचं तिला तिसऱ्या मजल्यावरच्या थेरेसा तुस्कानोनं सांगितलं. थेरेसा वसईची, नवरा इग्नेशियस हॉटेलात कामाला.

"अगं, ईदचा दिवस होता," थेरेसा म्हणाली होती. "इग्नेशियस ड्यूटीवर. मी आमच्या वॉरनला घेऊन बागेत निघाले, हातात ही मोठी बास्केट. गेटाशी हा उभा. नवा शर्ट, अत्तर, केसाला तेल. मी वॉरनवर ओरडले मराठीत, तसा धावत आला. 'ताई, द्या ती बास्केट, जड आहे.' जड कसली, दोन सँडविच होती! राखणदारानं विचारलं, हा कोण? मी म्हटलं, दीर आहे."

"दीर?"

"तुस्कानोचा दीर मुकादम! काय करू मग? तोंड बघवेना त्याचं. आत गेल्यावर काय केलं माहितेय? तासभर आमच्या वॉरनला झोका दिला. पोरगं रडायला लागलं, 'अंकल, आता उतरू द्या.' हा ऐकेचना. म्हणाला, 'ताई, माझा मुलगा याच्याहून थोडा लहान आहे. मी त्याला एकदाच बघितलाय.'"

सफियाने ही गोष्ट ऐकली, तेव्हा तिला रडू आलं होतं. त्याच रात्री तय्यब घरी येऊन म्हणाला, "आज त्या लादीवाल्या मुजम्मिलला चांगला झापला. म्हणतो, शुक्रवारी तुमच्यासोबत बागेत येऊ का. मी म्हटलं, अरे, फॅमिली प्लेस आहे ती, काही समज आहे का?" आणि तिचं रडू कायमचं आटलं.

तर, गाडीत.

"फूटपाथवर तो मुजम्मिल आहे," सफिया म्हणाली. "तुमच्या गावचा. आपल्या बाथरूमची लादी फुकट बसवून गेला तो."

"असेल. ओळख दाखवू नकोस."

"दोन मुली आहेत त्याला गावी."

"इथं नाहीत ना? मग बॅचलर." तय्यबने गियर टाकला. "तिकडे मशिदीमागे सावली असते. तिथं लावतो, मग बघू. नाहीतर पुढे आणखी एक बाग आहे."

"थांबा."

"काय?"

"डिकी उघडा."

"सफिया, नाटकं नकोत."

"बूट हवेत. रेहान, खाली उतर. उजमा, चल बाळा."

"अगं, गाडी लावेपर्यंत तरी..."

"तुम्ही गाडीला सावली शोधा. मी मुलीला ऊन शोधते."

दार लागलं. राखणदाराने दोन मुलं, एक बाई, एक पाण्याची बाटली पाहिली आणि हात हलवला: यल्ला, आत. बाविसाव्या गेटातून मुकादमांचं कुटुंब पहिल्यांदा आत गेलं, कुटुंबप्रमुखाशिवाय.

आत घसरगुंडी होती, पत्र्याची, दिवसभर उन्हात तापलेली. मुलं भोवती उभी होती, बसत कुणी नव्हतं. सफियाने बाटलीचं झाकण उघडलं आणि घावन घालण्याआधी तव्यावर शिंपडतात तसं चार थेंब पाणी शिंपडलं. चर्र झालं. "अजून नाही," ती म्हणाली. पुन्हा शिंपडलं. तिसऱ्या खेपेला थेंब नुसते ओघळले. ओढणीने तिने पत्रा पुसला.

"जा."

उजमा चढली. एकेक पायरी, मधे थांबून, कठडा धरून. वर पोचली तेव्हा तिलाच पटेना. मग घसरली, खाली वाळूत आपटली, आणि बापाच्या गाडीत ज्या वाळूचा एक कण चालत नव्हता ती मूठभर वाळू डोक्यावर उधळून म्हणाली, "अगेन!"

चार खेपा झाल्या आणि पत्रा पुन्हा तापला. बाटली रिकामी.

तोवर वीस मिनिटं गेली होती. मशिदीमागची सावली एका ट्रकने घेतली होती. तिच्यापुढची सावली एका बकऱ्याने. शेवटी एका भिंतीकडेला गाडी लावून, काचेवर पुठ्ठा टाकून, डिकीतली थंड पाण्याची मोठी बाटली घेऊन तय्यब घामाघूम चालत आला आणि फॅमिलीवाला झाल्यापासून पहिल्यांदाच एखाद्या गेटातून आत जायला निघाला.

"किधर?" राखणदार म्हातारा बलुची होता. प्लास्टिकच्या खुर्चीतून उठलासुद्धा नाही.

"अंदर. फॅमिली अंदर है."

"सब का फॅमिली अंदर है." म्हाताऱ्याने फूटपाथकडे हात केला. "वो भी ऐसेच बोलता. वो भी."

"अरे बाबा, मेरा सचमुच है! मैं फॅमिलीवाला आदमी है!"

"फॅमिलीवाला फॅमिली के साथ आता."

"गाडी लगाने गया था!"

"बीस मिनिट?"

फूटपाथवरून कुणीतरी खोकलं. मुजम्मिल. हातातला खारे दाण्यांचा पुडा पुढे करून तो बाजूला सरकला. "तय्यबभाई, या. बसा इथं. कुंपणाची सावली आहे थोडी."

"मी बॅचलर नाहीये!"

"मी कुठं म्हटलं?" मुजम्मिल म्हणाला. "दाणे खा."

तय्यबने कुंपणाचे गज धरले आणि हाक मारली. पहिली सभ्यपणे, दुसरी जोरात, तिसरी अशी की झोक्यावरची पोरं थांबली. "सफियाऽऽ!"

सफिया आली. ओढणी ओली, हात वाळूने भरलेले. मागे उजमा घसरगुंडीच्या वरच्या पायरीवर बसून वाट बघत होती.

"मॅडम," राखणदार अदबीने उठला. "ये आपका आदमी है?"

"पूछो, पूछो," तय्यब म्हणाला. मान ताठ झाली, खानदानी भाव परत आला. "सांग त्याला, सफिया. आणि मुलांना घेऊनच ये. काय अवतार केलाय त्या मुलीने? डोक्यात सगळी वाळू. पुढे दुसरी बाग आहे, मी आताच विचारून आलोय, तिथं सिमेंट आहे."

सफियाने त्याच्याकडे पाहिलं. फूटपाथवरच्या मुजम्मिलकडे पाहिलं. राखणदार थांबला होता.

"मा!" मागून उजमा ओरडली. "पाणी! गरम झालंय!"

सफियाने गजांतून हात घातला, तय्यबच्या हातातली थंड पाण्याची बाटली काढून घेतली, आणि वळून घसरगुंडीकडे चालू लागली.